नियमाच्या कडेकडेनं

अर्जाच्या समासात फक्त दोन अक्षरं होती, ‘ओके’, आणि शेजारी राष्ट्राध्यक्षांची सही. फिलिपिन्समध्ये सरकारी लॉटरी चालवून तो पैसा धर्मादाय कामाला लावणारं एक कार्यालय आहे. त्या कार्यालयाला गुप्त निधी वाढवून हवा होता, त्यासाठीचे हे अर्ज. पुढं ३६ कोटी ६० लाख पेसोंच्या लुटीचा खटला उभा राहिला, तेव्हा त्यातलं बरंच काही या शेऱ्यावर टांगलेलं होतं. १९ जुलै २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं ११ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला. नुसतं ‘ओके’ लिहिणं म्हणजे लुटीत हात असणं नव्हे, आणि कटातला मुख्य लुटारू कोण, त्याच्या खिशात काय गेलं, हे सरकारी पक्षानं दाखवलेलंच नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. त्या खटल्यात पावणेचार वर्षं इस्पितळात कैदेत असलेल्या ग्लोरिया मकापगाल-अरोयो, सही करणाऱ्या त्याच माजी राष्ट्राध्यक्ष, मोकळ्या झाल्या. दोनच वर्षांनी त्या प्रतिनिधीगृहाच्या सभापती होत्या.

या बाईंचं आयुष्य समजून घ्यायला त्यांची भाषणं फारशी उपयोगी पडत नाहीत. कलमं वाचावी लागतात. त्या कधी गर्दी खेचणाऱ्या वक्त्या नव्हत्या, उंचीनं पाच फुटांच्या आतबाहेर, स्वभाव तापट, आणि लोकप्रियता तर कारकिर्दीच्या उत्तरार्धात तळाला गेलेली. तरीही नऊ वर्षं पाच महिने त्या राष्ट्राध्यक्ष राहिल्या. हुकूमशहा मार्कोस सोडले तर तिथं इतका काळ कुणीच टिकलेलं नाही.

सुरुवात वडिलांपासून. दियोसदादो मकापगाल हे पाम्पांगा प्रांतातल्या लुबाव गावचे. भात आणि उसाचा मुलूख, जमीनदार आणि कुळांचा मुलूख. ‘लुबावचा गरीब पोरगा’ हीच त्यांची राजकारणातली ओळख. फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांना मतं वेगवेगळी पडतात, त्यामुळं दोघं वेगळ्या पक्षांचे निघू शकतात. १९५७ मध्ये नेमकं तसंच झालं. अध्यक्ष नासिओनालिस्ता पक्षाचे कार्लोस गार्सिया, उपाध्यक्ष लिबरल पक्षाचे मकापगाल. गार्सियांनी त्यांना मंत्रिमंडळात खातं दिलं नाही. रिकाम्या हातांनी काय करायचं? मकापगालांनी चार वर्षं बेटाबेटांवर, गावोगाव फिरण्यात घालवली आणि १९६१ मध्ये गार्सियांनाच हरवलं. ग्लोरिया तेव्हा १४ वर्षांची होती (जन्म ५ एप्रिल १९४७). राष्ट्राध्यक्षांच्या मालाकान्यांग प्रासादात तिची चार वर्षं गेली. १९६५ मध्ये फर्दिनांद मार्कोस यांनी वडिलांना पाडलं आणि कुटुंब बाहेर पडलं.

वडिलांनी १९६२ मध्ये देशाचा स्वातंत्र्यदिन ४ जुलैवरून १२ जूनवर नेला. अमेरिकेनं स्वातंत्र्य ‘दिलं’ ती तारीख मागं पडली आणि स्पेनविरुद्ध १८९८ मध्ये घोषणा केली ती तारीख पुढं आली. लेकीनंही कॅलेंडरला हात घातला, पण कारण अर्थशास्त्रज्ञाचं. आठवड्याच्या मधल्या सुट्ट्या सोमवारी सरकवायच्या, जोडून तीन दिवस मिळाले की लोक फिरायला जातील, देशातल्या देशात पैसा फिरेल. २००७ मध्ये त्याचा कायदाच झाला. एकाच घरातल्या दोघांनी देशाच्या तारखा हलवल्या. बापानं अभिमानासाठी हलवल्या, लेकीनं पर्यटनासाठी.

शिक्षणाचं थोडक्यात. दोन वर्षं वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात, तिथं बिल क्लिंटन वर्गात. मग मनिलात परत, १९६८ मध्ये पदवी आणि त्याच वर्षी होसे मिगेल अरोयो यांच्याशी लग्न. पुढं अतेनेओ विद्यापीठातून एम.ए., १९८५ मध्ये फिलिपिन्स विद्यापीठातून अर्थशास्त्राची डॉक्टरेट. मध्ये काही काळ त्या अतेनेओत शिकवत होत्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांत बेनिग्नो अक्विनो तिसरे हे एक होते. हा विद्यार्थी पुढं परत येणार आहे.

मार्कोस गेल्यावर, १९८७ मध्ये, त्या विद्यार्थ्याच्या आईनं, म्हणजे अध्यक्ष कोरी अक्विनो यांनी, ग्लोरियांना व्यापार आणि उद्योग खात्यात सहायक सचिव म्हणून घेतलं. कापडनिर्यातीचे कोटे, परवाने असलं नीरस काम. तिथून १९९२ ला त्या सिनेटला उभ्या राहिल्या. आडनावाचा उपयोग कसा होतो, ते इथं तपशिलात पाहण्यासारखं आहे.

फिलिपिन्सच्या सिनेटला मतदारसंघ नसतात. सगळा देश हाच एक मतदारसंघ. आणि २०१० मध्ये मतमोजणी यंत्रं येईपर्यंत मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं छापलेली नसत. कोऱ्या ओळी असत, मतदारानं नावं स्वतःच्या हातानं लिहायची. ११ मे १९९२ ला एकाच दिवशी राष्ट्राध्यक्षापासून गावच्या नगरसेवकापर्यंत सगळ्या निवडणुका होत्या, त्यात सिनेटच्या २४ जागा. म्हणजे नुसत्या सिनेटसाठी २४ नावं आठवून लिहायची. सात-आठ नावांनंतर माणसाचं डोकं थांबतं. मग ओळ भरायला जे आडनाव जिभेवर आहे ते उतरतं. नुसतं आडनाव लिहिलं तरी चाले. त्याच पदाला त्याच आडनावाचे दोन उमेदवार असतील आणि त्यातला एक पदावर बसलेला असेल, तर नुसत्या आडनावाचं मत पदावर असलेल्याला जाई. स्पेलिंग चुकलं तरी उच्चार जुळला की मत धरलं जाई. हे सगळं निवडणूक संहितेच्या २११ व्या कलमात लिहिलेलं आहे. मकापगाल हे नाव मतदारांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेलं. अशा पद्धतीत ते नाव म्हणजे प्रचाराचा अर्धा खर्च वाचला. घराणेशाहीवर आपण बोलतो तेव्हा रक्त, संस्कार, निष्ठा असे मोठे शब्द येतात. इथं ती बॉलपेनाच्या टोकाला होती.

तरी निकाल काठावरचा लागला. त्या वर्षी पहिल्या १२ जणांना सहा वर्षांची मुदत मिळणार होती, पुढच्या १२ ना तीन वर्षांची. ग्लोरिया तेराव्या आल्या. तीन वर्षांत पुन्हा मतं मागायची वेळ आली, आणि १९९५ मध्ये त्यांना दीड कोटीहून जास्त मतं पडली, सगळ्या उमेदवारांत पहिल्या. नट्या-नटांच्या देशात त्यांचा चेहरा नोरा औनोर या लाडक्या अभिनेत्रीशी मिळताजुळता असल्याचाही फायदा उचलला गेला. अर्थशास्त्राची डॉक्टरेट बाजूला राहिली, पोस्टरवर ‘आते ग्लो’ म्हणजे ग्लोताई आली.

१९९८ ला त्यांची इच्छा थेट राष्ट्राध्यक्षपदाची होती. हिशेब जमेना, तेव्हा त्या होसे दे वेनेसिया यांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. दे वेनेसिया साफ आपटले. नट जोसेफ एस्ट्राडा राष्ट्राध्यक्ष झाले, आणि ग्लोरिया सव्वा कोटीहून अधिक मतं मिळवून, विरोधी बाजूच्या उपाध्यक्ष. वडिलांची १९५७ ची सोंगटी पुन्हा त्याच घरात येऊन बसली. फरक एवढाच की एस्ट्राडांनी त्यांना समाजकल्याण खातं दिलं. गार्सियांनी विरोधकाला मोकळं सोडून चूक केली होती, एस्ट्राडांनी जवळ बसवून केली.

ऑक्टोबर २००० मध्ये एस्ट्राडांवर ‘हुएतेंग’ नावाच्या बेकायदा आकडा-जुगाराच्या हप्त्यांचा आरोप झाला. ग्लोरियांनी खातं सोडलं, उपाध्यक्षपद ठेवलं. हे महत्त्वाचं. दोन्ही सोडलं असतं तर वारस म्हणून त्यांचं नाव संपलं असतं. महाभियोगाचा खटला टीव्हीवर चालू होता. १६ जानेवारी २००१ च्या रात्री सिनेटनं ११ विरुद्ध १० मतांनी बँकेच्या कागदांचं एक पाकीट न उघडण्याचं ठरवलं, आरोप मांडणारा पक्ष उठून गेला, आणि मोबाइलवरच्या एसएमएसनी माणसं एड्सा रस्त्यावर गोळा होऊ लागली. १९ ला लष्करप्रमुखांनी बाजू बदलली. २० ला दुपारी सरन्यायाधीश हिलारियो दाविदे यांनी त्याच रस्त्यावरच्या मेरीमातेच्या स्मारकापाशी ग्लोरियांना शपथ दिली. एस्ट्राडांनी राजीनामा लिहून दिलेलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं मार्चमध्ये ठरवलं की त्यांचं वागणं आणि बोलणं पाहता राजीनामा झाला असंच धरावं. एस्ट्राडांच्या गोरगरीब चाहत्यांना हा न्याय कधीच पटला नाही. १ मे २००१ च्या पहाटे त्यांनी मालाकान्यांगवर चाल केली, त्यात माणसं मेली. ग्लोरियांच्या पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ इथं आहे, असं मला वाटतं. त्यांच्याकडे पद होतं, पण त्या पदासाठी त्यांना कुणी मत दिलेलं नव्हतं.

मार्कोसच्या अनुभवानंतर लिहिलेल्या १९८७ च्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत आहे, पुन्हा उभं राहता येत नाही. मधेच गादीवर आलेल्यासाठी वेगळी तरतूद आहे. तो चार वर्षांहून जास्त त्या पदावर राहिला तर पुढची निवडणूक त्याला बंद. ग्लोरियांची उरलेली मुदत होती तीन वर्षं पाच महिने. सात महिन्यांच्या फटीतून दार उघडं होतं. ३० डिसेंबर २००२ ला बागियोमध्ये त्यांनी जाहीर केलं की आपण २००४ ला उभ्या राहणार नाही. दहा महिन्यांत शब्द फिरवला.

२००४ ला समोर पुन्हा नट, फर्नांदो पो ज्युनियर. ग्लोरिया सुमारे ११ लाख मतांनी जिंकल्या. तिथल्या तेव्हाच्या मतमोजणीत चोरी कुठं होई हे समजल्याशिवाय पुढचं प्रकरण कळत नाही. केंद्रावर सरकारी शाळांचे शिक्षक मतपत्रिका मोठ्यानं वाचत, भिंतीवरच्या कागदावर पाच-पाचच्या रेघा ओढत. लोक बघत असत, तिथं हात मारणं अवघड. तो आकडा मग गावच्या मंडळाकडं, तिथून प्रांताकडं, आणि राष्ट्राध्यक्षपदाचा असेल तर संसदेकडं जाई. प्रत्येक पायरीवर बेरजेचा नवा कागद तयार होई आणि बघणारे कमी होत. तिथं एका अंकाची शेपटी बदले. याला तिकडं शब्दच आहे, ‘दागदाग-बावास’: याचे वाढव, त्याचे घटव. २००४ ला संसदेत बेरजा चालू असताना विरोधक म्हणत होते की खालचे मूळ कागद उघडा, ताडून पाहा. प्रत्येक हरकतीला मोजणीसमितीच्या अध्यक्षस्थानावरून उत्तर येई, ‘नोटेड’. नोंद घेतली, पुढं चला. उत्तर देणाऱ्या सिनेटरला त्या शब्दानं कायमचं टोपणनाव मिळालं.

जून २००५ मध्ये ध्वनिफिती बाहेर आल्या. बाईचा आवाज, निवडणूक आयुक्त व्हर्जिलियो गार्सिलियानो यांच्याशी बोलणारा, आणि विषय आघाडी दहा लाखांच्या वर राहील ना, असा. ‘हॅलो, गार्सी’ ही ओळ रिंगटोन होऊन देशभर वाजली. २७ जूनला ग्लोरिया टीव्हीवर आल्या, निवडणूक अधिकाऱ्याशी बोलणं ही चूक झाली, माफ करा, म्हणाल्या. निकाल फिरवला, हे मात्र मान्य केलं नाही. ८ जुलैला दहा मंत्री आणि वरिष्ठ अधिकारी एकदम बाहेर पडले, कोरी अक्विनोंनी राजीनामा मागितला. बहुतेक राजकारणी इथं संपतात.

त्या संपल्या नाहीत, कारण पुन्हा एक कलम. एका अधिकाऱ्याविरुद्ध वर्षात एकदाच महाभियोगाची कारवाई सुरू करता येते. आणि त्या वर्षीची पहिली तक्रार विरोधकांच्या मुख्य गटाची नव्हतीच. एका वकिलानं घाईघाईत दिलेली, लेचीपेची तक्रार होती. समितीनं ती हातात घेतली, भक्कम तक्रारीला दार बंद केलं, मग लेचीपेची तक्रार पुरेशी नाही म्हणून फेटाळली. सिनेटकडं प्रकरण पाठवायला ७९ सह्या हव्या होत्या, ५१ च मतं पडली. सप्टेंबर २००५. पुढं २००८ पर्यंत दरवर्षी नवी तक्रार आली आणि दरवर्षी तशीच गेली. खासदारांच्या मतदारसंघ निधीची चावी तेव्हा राष्ट्राध्यक्षांकडं असे, हेही त्या संख्येमागं होतंच.

याच गोंधळात त्यांनी असं एक काम केलं जे लोकप्रिय माणूस करत नाही. मूल्यवर्धित कर इंधन आणि विजेवर नोव्हेंबर २००५ पासून लावला, दर फेब्रुवारी २००६ पासून १० चा १२ टक्के केला. सरकारची तूट आवरली. आज तिथले अर्थतज्ज्ञ त्यांच्यावर टीका करताना या एका कामाला सहसा वगळतात. पण बाजारात डाळ-तांदूळ घेणाऱ्या बाईला तो कर आणि ती ध्वनिफीत एकाच वर्षी ऐकू आली. जून २००६ मध्ये त्यांनी फाशीची शिक्षा रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. ऑक्टोबर २००७ मध्ये, जन्मठेप झालेल्या एस्ट्राडांना सहा आठवड्यांत माफी दिली. माफीपत्रात नागरी आणि राजकीय हक्कही परत दिले होते, त्या ओळीच्या बळावर एस्ट्राडा पुढं मनिलाचे महापौर झाले. आणि २३ नोव्हेंबर २००९ ला, त्यांच्याच पक्षातल्या अम्पातुआन घराण्याच्या माणसांनी मागिंदानाओ प्रांतात ५८ जणांना रस्त्यात अडवून मारलं, त्यात ३२ पत्रकार. प्रांतात मतं जमवून देणाऱ्या सुभेदारांना शस्त्रं आणि मोकळीक देण्याची किंमत ती होती. तिच्यात ग्लोरियांच्या सरकारचा वाटा होता, हे टाळून त्यांची कारकीर्द सांगता येणार नाही.

घरच्यांकडं येऊ. थोरला मुलगा मिकी लुबाव ज्यात येतो त्या पाम्पांगाच्या दुसऱ्या मतदारसंघाचा प्रतिनिधी होता. दीर इग्नासिओ नेग्रोसमधून. धाकटा दातो कामारिनेस सूर प्रांतातून. दातोची जागा एका जुन्या प्रतिनिधीला परत हवी होती. तो आता ग्लोरियांचा अर्थसंकल्प मंत्री होता. दोघांना पुरेल असं काही नव्हतं, तर २००९ मध्ये कायदा करून प्रांतात एक मतदारसंघ वाढवला. फेररचनेत एका मतदारसंघाची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात आली. घटनेत अडीच लाखांचा आकडा आहे, म्हणून सिनेटर बेनिग्नो अक्विनो तिसरे आणि नागा शहराचे महापौर जेसी रोब्रेदो न्यायालयात गेले. एप्रिल २०१० मध्ये न्यायालय म्हणालं, अडीच लाखांची अट शहरांना आहे, प्रांतातल्या मतदारसंघाला नाही. वाक्यातला स्वल्पविराम कुठं आहे यावर निकाल फिरला.

मग मिकीचं काय? २०१० ला ग्लोरिया स्वतः लुबावच्या त्या जागेवर उभ्या राहिल्या, राष्ट्राध्यक्ष असतानाच. मिकीनं जागा सोडली आणि तो पक्षयादीतून प्रतिनिधीगृहात आला. पक्षयादी ही तेव्हा दुर्बल, उपेक्षित गटांसाठी राखलेली एक पंचमांश जागांची सोय होती. मिकीची यादी होती सुरक्षारक्षक आणि तीनचाकी चालवणाऱ्यांची. निवडणूक आयोगानं ते मान्य केलं.

त्याच २०१० मध्ये विद्यार्थी अक्विनो राष्ट्राध्यक्ष झाला. १५ नोव्हेंबर २०११ ला ग्लोरिया मानेभोवती धातूचा सांगाडा लावून, चाकाच्या खुर्चीतून मनिला विमानतळावर पोचल्या, मणक्याच्या उपचाराला परदेशी जायला. सर्वोच्च न्यायालयानं त्याच दिवशी जाण्याची वाट मोकळी केली होती, न्यायमंत्र्यांनी तरी विमानात चढू दिलं नाही. तीन दिवसांत निवडणूक घातपाताचा गुन्हा दाखल होऊन इस्पितळातच अटक झाली. तो गुन्हा ज्या कायद्यानं निर्माण केला, त्यावर जानेवारी २००७ मध्ये सही होती ग्लोरियांची. पुढं त्यात १० लाख पेसोंवर जामीन मिळाला, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये लॉटरीच्या पैशांच्या खटल्यात पुन्हा अटक. २०१३ ची निवडणूक त्यांनी इस्पितळातल्या कैदेतूनच जिंकली.

२३ जुलै २०१८ ला राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांचं वार्षिक भाषण होतं. सकाळपासून सभापती अल्वारेझ यांना हटवण्याची जुळवाजुळव पूर्ण झालेली. दुतेर्ते यांची मुलगी, दावाओची महापौर सारा, हिचा अल्वारेझ यांच्याशी उभा वाद होता, आणि बेरजेमागं तिचा हात असल्याचं तेव्हाच छापून आलं. ग्लोरियांनी व्यासपीठावर शपथ घेतली, पण ध्वनिक्षेपक बंद करून ठेवलेला आणि राजदंड जागेवरून गायब. (राजदंड पळवण्याचा प्रकार आपल्या विधानसभेच्या बातम्या वाचणाऱ्याला नवा वाटू नये.) बंद माइकसमोर हलणारे ओठ सगळ्या देशानं पाहिले. भाषण तासाभराहून जास्त रखडलं, आणि ते होताना व्यासपीठावर अल्वारेझच बसले. ते संपल्यावर रीतसर मतदान झालं, ग्लोरियांना १८४ मतं. त्या देशाच्या पहिल्या महिला सभापती झाल्या. त्या दिवशी दक्षिणेतल्या मुस्लिम भागाला बांगसामोरो स्वायत्तता देणाऱ्या कायद्याची मंजुरी या धांदलीत राहून गेली, ती दुसऱ्या दिवशी उरकली.

प्रतिनिधीला सलग तीन मुदती, म्हणजे नऊ वर्षं, हीच घटनेनं घातलेली हद्द. एका माणसानं जागा अडवून बसू नये हा हेतू. झालं असं की दहाव्या वर्षी जागा बायकोला, मुलाला, भावाला द्यायची, आणि तीन वर्षांनी परत घ्यायची. मोजणी पुन्हा एकपासून सुरू. मर्यादेमुळं घरातल्या एकाऐवजी दोघा-तिघांना राजकारणात उतरावं लागतं, म्हणजे घराणं रुंद होतं. ३० जून २०१९ ला ग्लोरियांची मुदत संपली आणि लुबावच्या जागेवर मिकी आला. २०२२ मध्ये तो नव्हता, त्या पुन्हा होत्या, ज्येष्ठ उपसभापती म्हणून. मे २०२३ मध्ये सभापतींविरुद्ध कट केल्याच्या संशयावरून त्यांचं ‘ज्येष्ठ’ काढून घेतलं गेलं. त्यांनी कट नाकारला.

१९८७ च्या घटनेच्या दुसऱ्या प्रकरणातलं २६ वं कलम सांगतं की राजकीय घराण्यांना राज्य मनाई करील, ‘कायद्यानं व्याख्या करील त्याप्रमाणे’. ती व्याख्या संसदेनं करायची आहे. मसुदे वर्षानुवर्षं आले आणि पडून राहिले. जानेवारी २०१६ मध्ये एक मनाई मात्र खरोखर कायद्यात आली: पदावरच्या लोकप्रतिनिधीच्या नात्यातल्या दुसऱ्या पायरीपर्यंतच्या (मुलं, भावंडं, नातवंडं अशा) नातलगाला त्याच भागात उभं राहता येणार नाही. ती लागू आहे गावातल्या युवा समितीच्या निवडणुकीला, उमेदवाराचं वय १८ ते २४.